वायर काढल्याची सही

आमच्या कंपनीत बाहेरचा पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्या माणसाला दोन ठिकाणी थांबावं लागायचं. गेटवर सिक्युरिटीवाला त्याची बॅग बघायचा आणि वर ऑफिसच्या दाराशी कॉम्प्युटर सांभाळणारे एक गृहस्थ त्याचा पेनड्राइव्ह बघायचे. गेटवर सुटका लवकर व्हायची. शहरातले जकात नाके बंद होऊन किती वर्षं झाली, पण आमच्या ऑफिसातला चालूच होता, म्हणून सगळे त्यांना 'नाकेवाले' म्हणायचे. मी काका म्हणायचे. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. एवढं मात्र आधीच सांगते, की हा माणूस कंपनीतून मान खाली घालून गेला, आणि ती मान खाली घालायला मी लावली.

चाकणला महाळुंग्याच्या बाजूला आमची कंपनी आहे. गाड्यांचे पत्र्याचे भाग आम्ही प्रेसवर काढतो. प्रेसचा ठोका पडला की वर ऑफिसातला कपातला चहा हलतो, इतकं सगळं जवळजवळ. मी गुणवत्ता विभागाची कागदपत्रं सांभाळते. माझं टेबल त्यांच्या टेबलासमोर होतं. सहा-सात वर्षं मी रोज त्यांचा चेहरा बघितला आणि ते रोज स्क्रीनवरची तपासणीची हिरवी पट्टी बघत होते. पट्टी पुढं सरकायची, अडायची, परत सरकायची. डबासुद्धा ते तिच्यावर नजर ठेवून खायचे. भाकरीचा घास चटणीऐवजी ताटाबाहेर टेकवून तसाच तोंडात टाकलेला मी कितीदा तरी बघितलाय.

त्यांच्या टेबलावर एक जुनाट कॉम्प्युटर होता. त्याला इंटरनेट नाही, ऑफिसच्या नेटवर्कची वायर नाही. त्याचं नाव त्यांनी 'धर्मशाळा' ठेवलं होतं. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह असो की हार्ड डिस्क, आधी धर्मशाळेत उतरणार, तिथं व्हायरस तपासला जाणार, मगच आत. नव्या व्हायरसच्या याद्या दर सकाळी ते एका वेगळ्या पेनड्राइव्हवरून धर्मशाळेत भरायचे, आणि त्या पेनड्राइव्हचीही आधी तपासणी व्हायची. मी एकदा म्हटलं, "काका, तो तर तुमचाच आहे." तर म्हणाले, "माझा हाय म्हणून तर जास्त बघायचा, ताई. आपल्या मालावर आपली नजर बसत न्हाई."

ते मूळचे लातूरकडचे. इकडं येऊन तीस वर्षं झाली तरी बोलणं गावचंच होतं. घाईच्या माणसाचा त्यांना मनापासून तिटकारा. डायची, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्याची, ड्रॉइंग घेऊन आलेला एखादा सप्लायर घायकुतीला यायचा. "काका, क्विक स्कॅन मारा ना, खाली टेम्पो उभाय." यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "क्विक स्कॅन म्हंजे उंबऱ्यावरनं बघायचं आन् घर झाडलं म्हणायचं. बसा. च्या सांगतो." मग तो बिचारा तासभर बसायचा. चहा मात्र काका स्वतःच्या पैशानं पाजायचे.

एकदा आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहक कंपनीचे साहेब ऑडिटला आले. त्यांना प्रेझेंटेशन दाखवायचं होतं आणि ते पेनड्राइव्हवर होतं. काकांनी हात पुढं केला. प्लांट हेडना घाम फुटला. ते हळू आवाजात म्हणाले, "अहो, कस्टमर आहेत ते! त्यांचा पेनड्राइव्ह अडवता?"

"सर, आपले कस्टमर कोण ते व्हायरसला कुठं ठाऊक हाय?"

कॉन्फरन्स रूममध्ये सगळे काजू-बिस्किटं खात चाळीस मिनिटं बसून राहिले. दोन व्हायरस निघाले. काकांनी त्यांची नावं एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिली आणि तो कागद पेनड्राइव्हसकट साहेबांच्या हातात दिला. साहेब हसले, थँक यू म्हणाले. प्लांट हेड पुढं आठवडाभर काकांशी बोलले नाहीत, आणि ही गोष्ट काकांच्या लक्षातही आली नाही.

कुणाच्या पेनड्राइव्हमध्ये किती घाण आहे हे त्यांना माहीत असायचं, पण त्यात काय आहे हे त्यांनी कधी बघितलं नाही. हे मी खात्रीनं सांगते, कारण माझ्यावरच ती वेळ आली होती. माझ्या मुलीच्या बारशाचा व्हिडिओ माझ्याकडे एकाच पेनड्राइव्हवर होता. त्यात माझे वडील पाळण्याची दोरी धरून उभे होते. आमचं घर चऱ्होलीतलं, जुन्या वळणाचं, वडील कॅमेऱ्यापुढं कधी उभे राहायचे नाहीत, पण त्या दिवशी राहिले. ते गेल्यावर मी एका फोटो स्टुडिओत प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दिला आणि परत आणून लावला, तर सगळ्या फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट. एकही उघडेना. मी ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून रडले.

काकांनी काही न विचारता पेनड्राइव्ह उचलला. दुपारी तो एका पाकिटात घालून माझ्यापुढं ठेवला. "गेलं काय बी नव्हतं, ताई. व्हायरसनं फोल्डर लपवून ठेवले होते. घाण काढली, लपवलेलं वर काढलं. हे घ्या."

"व्हिडिओ चालतोय का?"

"ते मी कसं सांगू? मी उघडला न्हाई. तुमच्या घरचा हाय, तुमीच बघा."

व्हिडिओ चालत होता. त्या दिवसापासून मला त्या माणसाविषयी जे वाटायला लागलं त्याला माया म्हणायला हरकत नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

आता बॅकअपचं सांगते, कारण सगळं घडलं ते तिथंच. कंपनीची अकरा वर्षांची ड्रॉइंग, तपासणीचे अहवाल, सगळं सर्व्हरवर. त्याच्या नकला तीन काळ्या हार्ड डिस्कवर. त्या तिघी सर्व्हर रूममधल्या रॅकवर वायरी गुंडाळून, वायरीला रबर बँड लावून झोपलेल्या असायच्या. महिन्यातून एकदा काका त्या धर्मशाळेत आणून पहिल्यापासून तपासायचे. मी विचारलं होतं, मागच्याच महिन्यात तपासल्या, आता परत कशाला? तर म्हणाले, "मागच्या महिन्यात ज्या चोराचा फोटो आपल्याकडं नव्हता, त्याचा आता आलाय. तो आधीच घरात बसला असंल तर?"

आणि त्यांचा सगळ्यात कडक नियम वायरीचा. "बॅकअप म्हंजे ज्याला वायर न्हाई तो. वायर लावून ठेवली की तो बॅकअप न्हाई, नुसती दुसरी कॉपी. घरात आग लागली तर दोन्ही जळणार." बॅकअप घेऊन झाला की ते वायर काढायचे आणि रजिस्टरमध्ये सही करायचे. त्यासाठी रजिस्टरमध्ये वेगळा रकानाच होता, 'वायर काढली'. पुढं वेळ आणि सही. तीही रीतसर. आधी वायर हातात घ्यायची, मग पेन. वायर हातात आल्याशिवाय पेनाला शिवायचं नाही. टूल रूममधली पोरं त्यांची नक्कल करायची, एका हातात वायर, एका हातात पेन धरून आणि मान ताठ करून. काकाही ती बघून हसायचे.

त्या वर्षी खंडेनवमीला ते रजेवर होते. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आमच्याकडे नवमीला मशिनला कामासाठी हात लावत नाहीत, म्हणून त्यांनी अष्टमीच्या संध्याकाळीच बॅकअप उरकला. दवाखान्यातून फोन येत होते, हातात पिशवी होती, बस सुटायची वेळ झाली होती. तशा गडबडीत ते गेले.

नवमीला कंपनीत मोठी पूजा असते. प्रेस धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, पुढं नारळ. टूल रूममध्ये पाटावर व्हर्निअर आणि मायक्रोमीटर मांडतात. ऑफिसची पूजा आम्हा बायकांकडे. मी सर्व्हर रूम उघडली, सर्व्हरला हार घातला आणि त्या तीन हार्ड डिस्क पाटावर मांडल्या. त्यांच्या वायरी गुंडाळलेल्या होत्या. रबर बँड लावलेला होता. रबर बँड निळे होते, तेसुद्धा मला आठवतंय.

पूजा झाली की प्रत्येक मशिन एकदा चालू करून बघायची आमच्याकडे पद्धत आहे. प्रेसचा एक ठोका रिकामा मारतात, लेथ एक गिरकी फिरवतात. बंद मशिनची पूजा तशीच सोडत नाहीत. प्लांट हेड आरतीचं ताट घेऊन फिरत फिरत सर्व्हर रूममध्ये आले. बरोबर फक्त फोटो काढायला बाहेरून बोलावलेला माणूस होता. पाटाकडे बघून ते म्हणाले, "हे काय, विटा मांडल्यासारखं? चालू करा की जरा. दिवे लागू द्या, फोटोत छान दिसेल."

काकांचा नियम मला पाठ होता. तरीही मी रबर बँड काढले आणि काकांना करताना रोज बघितलं होतं तशा तिन्ही वायरी सर्व्हरला लावल्या. तीन निळे दिवे लागले. प्लांट हेड छान म्हणाले. फोटो निघाले, ग्रुपवर गेले. दहा मिनिटांनी काढू असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात खाली जेवणाची पंगत बसली, मला वाढायला बोलावलं. पुरी, बटाट्याची भाजी, जिलेबी. वाढून झालं, खाऊन झालं, उद्या सुट्टी म्हणून आपट्याची पानं आजच वाटून झाली आणि मी बसमध्ये बसून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक कॉम्प्युटरवर एकच इंग्रजी मजकूर, की तुमच्या सगळ्या फाइल आम्ही कुलूपबंद केल्या आहेत. सर्व्हरही गेला होता. तिन्ही हार्ड डिस्कही. त्यांच्यावर झेंडूची फुलं सुकली होती आणि निळे दिवे चालूच होते.

चौकशीला हिंजवडीहून गळ्यात ओळखपत्रं घातलेली दोन मुलं आली. त्यांनी सांगितलं, व्हायरस कुणाच्या तरी मेलमधून आला होता आणि पंधरा-वीस दिवस गप्प बसून होता. म्हणजे तो काकांच्या नाक्यावरून आलाच नव्हता. पण पुढं ती मुलं म्हणाली, "सर्व्हर गेला ते ठीक, होतं असं. हार्ड डिस्क वेगळ्या असत्या तर दोन दिवसांत कंपनी उभी राहिली असती. वायरी कुणी लावून ठेवल्या?" सर्व्हरवरच्या नोंदी असत्या तर वेळ कळली असती, पण नोंदीही कुलूपबंद होत्या. पूजेचा फोटो होता. त्यात दिवे दिसत होते. ते पूजेआधीपासून लागलेले होते की पूजेला लावले, हे फोटोवरून कसं कळणार?

काका रजिस्टर घेऊन उभे होते. त्यांनी ते उघडून वाचलं. "अष्टमी. वायर काढली. पाच वाजून दहा मिनिटं. सही माझी हाय." मग त्यांनी त्या सहीवरून बोट फिरवलं. बायकोचं ऑपरेशन, फोन, पिशवी, बस, हे सगळं त्यांना आठवत असणार. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता. ते खरोखर विचारत होते.

"ताई, तुमी पूजेला आत गेलात तवा वायर लावलेली होती का?"

त्या जूनमध्येच मी कायम झाले होते. सहा वर्षं कंत्राटावर काढल्यानंतर. टेबलाच्या पलीकडे प्लांट हेड बसले होते आणि हातातली पाण्याची बाटली फिरवत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

मी म्हणाले, "हो. लावलेली होती."

प्लांट हेड बाटलीचं झाकण उघडून पाणी प्यायले. काका म्हणाले, "मग मी वायर न काढताच सही केली." कुणी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातलं पेन काढलं, त्या सहीवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'सही चुकीची'. त्याच्याखाली पुन्हा सही केली. राजीनामा त्यांना कुणी मागितला नव्हता. त्यांनी संध्याकाळी दिला, आणि प्लांट हेडनी तो लगेच घेतला. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं होतं. निरोपसमारंभ वगैरे झाला नाही. टूल रूममध्ये माणसं पुढचे तीन महिने एकेक डाय व्हर्निअरनं मोजून ड्रॉइंग नव्यानं काढत होती आणि मोजता मोजता काकांना शिव्या घालत होती. मी समोर बसून ऐकत होते.

एक वर्ष मी स्वतःची समजूत घालून काढलं. माझी समजूत अशी, की काकांना सगळं कळलं होतं. वायर आपण काढली हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण माझी नोकरी वाचावी म्हणून त्यांनी ते अंगावर घेतलं. असा मोठ्या मनाचा माणूस. ही समजूत मला फार सोयीची होती. त्यात माझ्या खोटेपणापेक्षा त्यांचा चांगुलपणाच जास्त दिसायचा.

मग मोशीच्या भाजीबाजारात त्यांच्या बायको भेटल्या. काठी टेकत चालल्या होत्या. मी गुडघ्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "गुडघा बरा हाय. ह्यांचंच बरं न्हाई. गॅस बंद केला का म्हणून दहादा उठायलेत. नळ बघायलेत, परत बघायलेत. या की एकदा घरी. कंपनीतलं कुणीच येत न्हाई."

मी गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. काका बारीक झाले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, मुलीचं नाव घेऊन तिची चौकशी केली. स्वयंपाकघराच्या दाराला दोरीनं एक वही बांधली होती. गॅस, नळ, इस्त्री असे रकाने. सह्या मात्र सगळ्या त्यांच्या बायकोच्या होत्या. मी बघतेय हे बघून काका म्हणाले, "सही तिची लागती आता. माझ्या सहीचा काय भरवसा न्हाई." हे त्यांनी इतकं साधेपणानं सांगितलं, की माझी वर्षभराची समजूत तिथंच मोडली. या माणसानं माझ्यासाठी काही अंगावर घेतलं नव्हतं. त्यांना काही कळलंच नव्हतं. माझा शब्द त्यांनी खरा मानला होता, आणि तेव्हापासून ते स्वतःला खोटं मानत होते.

घरात कॉम्प्युटर दिसला नाही. बिल्डिंगमधला कुणी पेनड्राइव्ह घेऊन आला तर ते हात जोडतात, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं. मग त्या खाली भजनाला गेल्या. मी खुर्ची पुढं ओढली.

"काका, वायर तुम्ही काढली होती. मी गेले तेव्हा वायरी गुंडाळलेल्या होत्या. रबर बँडसुद्धा होता, निळा. फोटोसाठी मी लावल्या आणि काढायला विसरले. मीटिंगमध्ये मी खोटं बोलले."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू माया आली.

"हिनं सांगितलं व्हय तुमाला, माझं असं चाललंय म्हणून?"

"नाही काका, खरंच सांगतेय. माझ्या मुलीची शपथ."

"लेकराची शपथ घेऊ नका, ताई." त्यांनी हातानं मला थांबवलं. "तुमी मनानं चांगल्या हात, मला ठाऊक हाय. पर माझ्या समाधानासाठी आपल्या अंगावर घेऊ नका. त्या दिवशी समद्यांच्या म्होरं तुमी खरं बोललात, त्याचा मला राग न्हाई. दुसरं कुणी असतं तर भिडेपोटी गप बसलं असतं."

मी परत सांगितलं. प्लांट हेड काय म्हणाले तेही सांगितलं, पंगतीचंही सांगितलं. आवाज चढला माझा. मी जितकं पटवत होते तितके ते अधिक कळवळ्यानं माझ्याकडे बघत होते. शेवटी उठून त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "रडू नका. झालं ते झालं." धीर ते मला देत होते.

मी निघाले तर म्हणाले, थांबा, खालपर्यंत येतो. चप्पल घातली, दार ओढलं, कुलूप लावलं, कुलूप दोनदा ओढून बघितलं. आम्ही सातआठ पायऱ्या उतरलो असू. ते थांबले. कठडा धरून वर दाराकडे बघायला लागले. कपाळावर आठ्या आल्या. मग त्यांनी वळून मला विचारलं, "ताई, तुमी बघितलंत न्हवं? कुलूप लावलं ना मी?"

मी म्हणाले, "हो काका. लावलंत."

"मग झालं," ते म्हणाले, आणि माझ्यावर विश्वास ठेवून निश्चिंत खाली उतरायला लागले.